मांडूची गोरखचिंच आफ्रिकेतून आली कशी? आणि गोंडवनाचं उत्तर इथे का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरहून मांडूला गेला होतात. तिथल्या गाइडने जाडजूड बुंध्याच्या गोरखचिंचा दाखवल्या आणि ही झाडं मूळची आफ्रिकेतली असल्याचं सांगितलं. तुमच्या मुलीने लगेच धागा जुळवला. भारत आणि आफ्रिका एकेकाळी गोंडवन नावाच्या महाखंडात जोडलेले होते असं शाळेत शिकवलंय, म्हणजे जमीन तुटली तेव्हा काही झाडं तिकडे राहिली आणि काही इकडे आली. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर तिला काय सांगायचं?

मुलीचा तर्क फार चांगला आहे. या झाडाला तो लागू पडत नाही, पण दुसऱ्या काही जिवांना तंतोतंत लागू पडतो. म्हणून नुसतं 'नाही' म्हणून तिला गप्प करणं मला योग्य वाटत नाही. मी इंदूरमध्ये बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, विद्यार्थ्यांना घेऊन मांडू, पचमढी, नर्मदेचा काठ हिंडले. हा प्रश्न या ना त्या रूपात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. नकाशावर एकाच कुळातल्या जिवांचे दोन ठिपके दिसतात आणि मधे समुद्र, वाळवंट किंवा हजारो किलोमीटरची मोकळी जागा असते. ती मोकळी जागा पडण्याची निदान चार कारणं असू शकतात. जमीनच दुभंगली असेल. जीव स्वतः तो टापू ओलांडून गेला असेल. पूर्वी सगळीकडे असलेली वस्ती मधल्या भागात नष्ट झाली असेल. किंवा माणसाने उचलून नेलं असेल. नकाशा नुसता बघून या चारांत निवड करता येत नाही. आपलंच उदाहरण घ्या. मराठी घरं तंजावरला आहेत आणि इंदूरलाही. तंजावरची सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेली, इंदूरची अठराव्या शतकात होळकरांबरोबर आली, आणि एखादं कुटुंब गेल्याच पिढीत बँकेतल्या बदलीमुळे इथे स्थायिक झालेलं असतं. जनगणनेच्या नकाशावर सगळे ठिपके सारखेच. कोण कसं आलं हे समजायला ते घर मूळ गावातून कधी निघालं, हेच विचारावं लागतं.

झाडाप्राण्यांच्या बाबतीतही मी सगळ्यात आधी 'कधी' विचारते, 'कसं' नंतर. दोन नातेवाईक एकमेकांपासून कधी वेगळे झाले, आणि त्यांच्या जमिनी कधी वेगळ्या झाल्या, या दोन तारखा शेजारी ठेवायच्या. जिवांची फारकत जमिनीच्या फारकतीइतकी किंवा तिच्याहून जुनी असेल, तर जमीन तुटल्याचं स्पष्टीकरण विचारात घेता येतं. ती अलीकडची असेल तर ते स्पष्टीकरण बाद, मग ते कितीही सुंदर असो.

अर्थात त्याच्याही आधी एक खात्री करावी लागते. ते खरंच नातेवाईक आहेत का? माळव्यात शेताच्या कुंपणाला थोर लावतात आणि फड्या निवडुंगही दिसतो. दोन्ही मांसल, काटेरी, पानं नावापुरती. बघणाऱ्याला सख्खी भावंडं वाटतात. थोराला टोचलं की पांढरा चीक येतो, निवडुंगाला येत नाही. निवडुंगाचे काटे लहान उशीसारख्या उंचवट्यांतून झुपक्याने निघतात, थोराचे जोडीने. थोर एरंडाच्या कुळातला आहे, तर निवडुंगाचं सगळं कूळ मूळचं अमेरिकेतलं आणि फड्या निवडुंग माणसाने इकडे आणलेला. कोरड्या हवेत पाणी साठवण्याचा एकच उपाय दोघांनी स्वतंत्रपणे शोधला, इतकंच. अशा जोडीसाठी तुटलेल्या खंडांची कथा रचली तर ती पहिल्या वाक्यातच चुकते.

आता गोरखचिंच. नावात चिंच असली तरी चिंचेशी तिचं नातं नाही. ती आपल्या सावरीची जवळची नातेवाईक आहे. या वंशाच्या आठ प्रजाती मानल्या जातात: सहा फक्त मादागास्करमध्ये, एक आफ्रिका खंडावर आणि एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात. मांडूतलं झाड आफ्रिका खंडावरच्या प्रजातीचंच आहे. हाच मुद्दा मुलीला आधी सांगा. भारत आणि मादागास्करचा एकत्र तुकडा आफ्रिकेपासून सुटला त्याला सुमारे १६ कोटी वर्षं झाली. फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म मिळतात ते साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे. म्हणजे जमीन फाटली तेव्हा गोरखचिंच तर नव्हतीच, फुलझाडंसुद्धा असलीच तर अगदी नगण्य असणार. आणि इतका प्रचंड काळ वेगळं राहूनही दोन्हीकडे एकच प्रजाती टिकली असती, हे पटण्यासारखं नाही. एवढ्या काळात नव्या प्रजातीच काय, नवी कुळं तयार होतात.

गंमत अशी की आफ्रिका, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया ही तिन्ही नावं वाचून अभ्यासकांनाही पूर्वी गोंडवनाचीच आठवण व्हायची. तिन्ही त्याच जुन्या महाखंडाचे तुकडे आहेत ना! १९९८ मध्ये डेव्हिड बाउम आणि सहकाऱ्यांनी या प्रजातींच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा दिसलं की त्यांची आपसांतली फारकत गोंडवन तुटल्यानंतर फार उशिरा झाली आहे. २०२४ मध्ये आठही प्रजातींचे जनुकसंच वाचून झालेल्या अभ्यासाने वंशाचं माहेर मादागास्कर असल्याचं दाखवलं. तिथून फळं समुद्राच्या प्रवाहांवर आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला पोहोचली असावीत. प्रजातींची ही विभागणी साधारण दोन कोटी वर्षांतली, म्हणजे तेव्हा मधे समुद्र होताच. फळ डोळ्यांसमोर आणा: लाकडासारखं टणक कवच, आत कोरडा, आंबट, हलका गर आणि त्यात बिया. तरंगायला याहून चांगली रचना क्वचितच सापडेल.

समुद्र ओलांडण्याची कल्पना अनेकांना ओढूनताणून आणलेली वाटते. एकोणिसाव्या शतकात हुकरसारखे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ बुडालेल्या जमिनी आणि भूपूल मानायला तयार होते, आणि लेमूरसारखे प्राणी मादागास्करला कसे पोहोचले हे सांगायला स्क्लेटरने १८६४ मध्ये हिंदी महासागरात बुडालेला एक अख्खा खंड कल्पिला. डार्विनने मात्र घरी बरण्यांत खारं पाणी भरून त्यात बिया टाकल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस बुडून राहिल्यावरही रुजले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण 'अशक्य आहे' असं ठासून सांगणाऱ्यांपैकी कुणीच तोवर बी पाण्यात टाकून पाहिलं नव्हतं.

प्राण्यांच्या बाबतीतही आता डोळ्यांदेखत घडलेली उदाहरणं आहेत. १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांनंतर उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावरून हिरव्या इग्वाना अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला लागल्या. तिथे ही जात पूर्वी नव्हती. २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीनंतर वाहून गेलेल्या बोटी, धक्क्यांचे तुकडे आणि प्लॅस्टिक यांवर बसून जवळजवळ तीनशे जपानी सागरी प्रजाती उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला जिवंत पोहोचल्याची नोंद आहे. आपल्या आयुष्याच्या मापाने असा प्रवास दुर्मीळ. पण निसर्गाकडे लाखो वर्षं असतात, आणि हजारो फळांतलं एक किनाऱ्याला लागून रुजलं तरी पुरतं.

मग मांडूचं काय? गोरखचिंचेच्या बाबतीत मी तिच्या सोबतीला काय आहे ते बघते. भारतात हे झाड भेटतं ते बंदरांजवळ, जुन्या किल्ल्यांत, दर्ग्यांजवळ, व्यापारी वाटांवरच्या गावांत. सातपुड्याच्या आतल्या जंगलात, सागाच्या आणि सालाच्या सोबतीने ते आपणहून वाढलेलं मला कधी दिसलं नाही. मूळचं रानटी झाड असं वागत नाही. त्याला ओढ्याकाठी, दरीत, माणसापासून लांब कुठे तरी वस्ती असते. त्यात भर म्हणजे २०१५ मध्ये भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली आणि तिच्यातून दिसलं की इकडची झाडं आफ्रिका खंडावरच्या झाडांशी जुळतात आणि ती एकदाच नव्हे, अनेकदा आणली गेली आहेत. पूर्व आफ्रिकेचा गुजरात आणि कोकणच्या बंदरांशी व्यापार जुना. त्या वाटेने खलाशी, सैनिक, गुलाम, व्यापारी आले. माळव्याच्या सुलतानांच्या पदरी हबशी होते हेही इतिहासात आहे. मांडूत सांगतात की पश्चिमेकडून सुलतानाला भेट म्हणून बिया आल्या. ती आख्यायिका आहे, तशीच मुलीला सांगा. पण माणसाने आणलं या भागाला मात्र झाडांच्या जनुकांचा आणि जागांचा, असा दुहेरी आधार आहे.

एकाच वंशात दोन वेगळे इतिहास आहेत, हे लक्षात आलं ना? मादागास्करहून ऑस्ट्रेलियापर्यंत समुद्राने, आणि आफ्रिकेहून मांडूपर्यंत माणसाने. म्हणून मी वर्गात हे झाड नेहमी घ्यायचे.

आता तुमच्या मुलीचा तर्क जिथे खरा ठरतो तिथे येऊ. केरळच्या इडुक्की भागात जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक सापडतो. वर्षभर जमिनीखाली राहतो, वाळवी खातो आणि पावसाच्या सुरुवातीला काही दिवस बाहेर येतो. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, मधे अथांग समुद्र. इथे तारखा जुळतात. बेडकांची ही फारकत दहा कोटी वर्षांहून जुनी ठरते, तर सेशेल्स भारतापासून सुटून साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. शिवाय बेडकाची ओलसर, सच्छिद्र त्वचा खाऱ्या पाण्यात टिकत नाही आणि हा तर बिळात राहणारा. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येतं: ते जमिनीबरोबर गेले.

त्याहून जुनी साक्ष आपल्या मध्य प्रदेशातच जमिनीखाली आहे. पेंच, सिंगरौलीच्या खाणींतल्या कोळशात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या झाडांचा मोठा वाटा आहे. जिभेसारखी पानं, मधे ठळक शीर. हीच पानं दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकात मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीने मरणाच्या दारातही सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म निघाले. एखादं बी कुठे तरी वाहून जाऊ शकतं. पण एकाच काळातली अख्खी जंगलं, त्याच सोबतच्या वनस्पतींसह, पाचही भूभागांवर एकाच क्रमाच्या खडकांत मिळतात, तेव्हा योगायोग पुरेसा पडत नाही. गोंडवन हे नावही गोंडांच्या प्रदेशावरून, नर्मदेच्या दक्षिणेकडच्या खडकांवरून पडलं. मुलीला हे नक्की सांगा, कारण तिच्या पुस्तकातलं ते दूरचं महाखंड आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतून जगाला माहीत झालं.

तिसरं कारण, मधली वस्ती नष्ट होणं, लोक सहसा विसरतात. हिवाळ्यानंतर राजस्थानातले राबारी उंट घेऊन माळव्यातून जातात ते तुम्ही पाहिले असतील. त्या उंटाचा चुलतभाऊ लामा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात. मधे काहीच नाही. नुसता नकाशा बघणारा इथे खंड तुटल्याचं म्हणेल. जीवाश्म वेगळं सांगतात. उंटाचं कूळ उत्तर अमेरिकेत चार कोटी वर्षांहून आधी उदयाला आलं. एक शाखा अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या त्या काळच्या बेरिंगच्या भूपुलावरून आशियात आली, दुसरी दक्षिण अमेरिकेत उतरली, आणि माहेरचे सगळे उंट हिमयुगाच्या अखेरीस संपले. दोन्ही टोकं उरली, मूळ गाव ओस पडलं. आपल्याकडेही असं झालंय. नर्मदेच्या गाळात पाणघोड्याचे जीवाश्म मिळतात आणि जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं. आज दोन्ही आफ्रिकेतच. कुणी फक्त आजचा नकाशा मांडला, तर मी आधी विचारते की मधल्या जागेत खाली काय पुरलंय.

हे सगळं वाचून वाटेल की प्रत्येक जोडीचं उत्तर आता पक्कं झालंय. तसं नाही, आणि परिस्थितीवर काय अवलंबून असतं तेही सांगायला हवं. डीएनएमधले फरक मोजून काढलेली तारीख अंदाजाची असते आणि तो अंदाज वय माहीत असलेल्या जीवाश्मांशी ताडलेला असतो. जीवाश्म सांगतो ते फक्त किमान वय: 'तेव्हा हा होता.' त्याच्याआधी नव्हता, असं तो सांगू शकत नाही. म्हणून तारीख मोठ्या पल्ल्यात येते. गोरखचिंचेच्या बाबतीत तो पल्ला कितीही ताणला तरी १६ कोटींच्या जवळपास जात नाही, म्हणून मी निःशंक बोलते. जिथे दोन तारखा एकमेकींच्या जवळ येतात तिथे मी हात आखडता घेते.

दुसरं, जीव कोणता आहे यावर पुराव्याचं वजन ठरतं. इथे पचमढीचं उदाहरण देते, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे आणि तुम्हाला गाडीने जाता येईल इतकं जवळ आहे. पचमढीच्या दऱ्यांत वृक्षनेचे आहेत. शीळ घालणारा मलबारी कस्तूर आहे, जो मुख्यतः सह्याद्रीचा पक्षी. दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर कोरडा मुलूख आणि मधे हे ओलसर बेट. १९४०च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मांडलं की ईशान्येकडचे, मलायाकडचे जीव विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून सरकत सह्याद्रीत पोहोचले. त्यांचा मुख्य आधार होता डोंगरी झऱ्यांतले मासे, जे जोराच्या प्रवाहात दगडाला चिकटून राहतात आणि मैदानातल्या संथ, गढूळ पाण्यात राहू शकत नाहीत.

विद्यार्थी वृक्षनेच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, 'बघा, होरांचा पुरावा.' मी त्यांना थांबवायचे. नेच्याचे बीजाणू धुळीपेक्षा बारीक, वाऱ्याने कुठेही जातात. त्याला डोंगररांगेची गरजच नाही, ओली सावली मिळाली की पुरे. पक्षी उडतो. या दोघांवरून जुन्या वाटेबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. झऱ्यातला मासा मात्र उडत नाही आणि वाऱ्यावर जात नाही, त्याला पाण्याचीच वाट लागते. म्हणून होरांनी मासा निवडला यात त्यांची खरी दृष्टी दिसते. त्यांच्या सिद्धांतातला अवघड भाग म्हणजे झारखंडमधल्या राजमहाल आणि मेघालयातल्या गारो टेकड्यांमधली गाळाने भरलेली सखल जागा, कारण असा मासा ती ओलांडणार कसा? शिवाय वेगवेगळ्या गटांच्या फारकतीच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. माझं मत असं की सगळ्यांसाठी एकच राजमार्ग नव्हता. काही गट हवा ओली असताना जंगलाबरोबर पसरले आणि कोरडी पडल्यावर उंच, थंड, ओल्या जागांत अडकून राहिले. काही आधीच आले होते. प्रत्येकाची तारीख स्वतंत्रपणे विचारावी लागते.

तर मुलीला सांगायचं ते असं. आधी नातं खरं आहे का ते बघ. मग जिवांची फारकत आणि जमिनीची फारकत यांच्या तारखा लाव. मधल्या जागेतले जीवाश्म विचार. आणि तो जीव पोहू, तरंगू, उडू शकतो का, की माणसाच्या वाटेवरच भेटतो, ते बघ. मांडूची गोरखचिंच या चाळणीतून माणसाने आणलेली ठरते, इडुक्कीचा बेडूक जमिनीबरोबर आलेला.

आठवीतल्या मुलीला नुसतं ऐकण्यापेक्षा करून बघायला आवडेल, म्हणून एक प्रयोग सुचवते. मांडूत विक्रेत्यांकडे गोरखचिंचेची फळं मिळतात. दोन न फुटलेली घ्या. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, या प्रमाणात बादली भरा, कारण समुद्राचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. एक फळ त्यात सोडा आणि किती दिवस तरंगतं त्याची वहीत नोंद ठेवा. दुसरं फोडून बिया काढा. अर्ध्या बिया खाऱ्या पाण्याच्या बरणीत ठेवा, अर्ध्या कोरड्या. दर आठवड्याला दोन्हीकडच्या चार-चार बिया काढून, धुवून लावा. या बियांचं साल कठीण असतं, म्हणून लावण्याआधी एका बाजूने कानशीवर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. नाही तर रुजल्या नाहीत तेव्हा दोष मिठाचा की सालाचा, ते कळणार नाही. कोरड्या बिया त्याच कामासाठी आहेत. त्याच रुजल्या नाहीत तर त्या आठवड्याच्या नोंदीवरून मिठाबद्दल काही म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात सुरू करा, थंडीत उगवण मंदावते. जमल्यास फाल्गुनात सावरीच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गोरखचिंचेच्या फुलातल्या पाकळ्या आणि पुंकेसर मोजून नोंदी शेजारी ठेवायला लावा. नातं तिला स्वतःला दिसेल. वहीतली नोंद इथे टाकलीत तर मी जरूर वाचेन.